ब्रेक ऑइल, जे ऑइल नसतं: निपाणीतल्या एका हेराल्डची क्लच-गळती

गाडी स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, ९४८ सीसी. मुक्काम निपाणी. मालक माझे शाळेतले गणिताचे सर, वय ७६. तक्रार अशी, की क्लचच्या डबीतलं ब्रेक ऑइल पंधरा-वीस दिवसांत तळाला जातं. दोन वर्षांत तीन गॅरेजं झाली, खालच्या सिलिंडरचे वॉशर चार वेळा बदलले, वरच्याचं किट एकदा, आणि कुणीतरी क्लच प्लेटही बदलून टाकली. गळती जिथल्या तिथे.

मी सोळा वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सिलिंडर जोडायचं काम केलं आणि आता खानापूर रोडला स्वतःचं छोटं गॅरेज चालवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण या प्रकरणात तो अनुभव जितका कामाला आला तितकाच आडवाही आला.

हेराल्ड मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फची, तिचं रूप इटलीच्या मिकेलोत्तीने काढलेलं. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती आपल्याकडे बनवली. चासिस वेगळी, बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली, आणि अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलथतं, त्यामुळे पुढच्या चाकावर बूड टेकून इंजिनचं काम करता येतं. सरांच्या वडिलांची तंबाखूची वखार होती. त्यांनी ही गाडी घेतली तेव्हा बेळगाव मैसूर राज्यात होतं, कर्नाटक हे नाव नंतरचं. वखार गेली, गाडी राहिली.

या गाडीचा क्लच केबलवर नाही, द्रवावर चालतो. पेडल दाबलं की वरचा मास्टर सिलिंडर द्रव ढकलतो, तो पाइपातून खालच्या स्लेव्ह सिलिंडरला जातो, तिथला पिस्टन बाहेर सरकतो आणि क्लचचा दांडा रेटतो. दोन्ही सिलिंडरांत पिस्टनला रबराचे कप असतात, आपण त्यांना वॉशरच म्हणतो. द्रव थोडा, नळी लहान, भाग मोजके. त्यामुळे गळती शोधणं अर्ध्या तासाचं काम आहे असं वाटतं. मलाही तेच वाटलं होतं.

सरांची वही

सरांनी मला गणपतीच्या आठवड्यात फोन केला. बेळगावहून निपाणीकडे येताना संकेश्वर मागे पडलं की तवंदी घाट लागतो. त्या घाटात पुढे ट्रक होता, सरांनी दुसरा गिअर टाकायला क्लच दाबला तर पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं आणि गिअर करकरला. दोन-तीनदा पंप केल्यावर क्लच आला. घरी येऊन डबी उघडली तर तळाला जेमतेम थेंब.

पहिल्या रविवारी मी बसने निपाणी गाठली. बॉनेट उलथलं. मास्टरच्या तोंडाशी पाइपाचा नट ओलसर दिसला. पाव फेरा आवळला, डबी भरली, काकूंच्या हातचा चहा घेतला आणि "झालं सर" म्हणून परतलो. अकराव्या दिवशी फोन.

"अरे, तुझं उत्तर चुकलंय."

चुकलंच होतं. दिसलेला पहिला ओलावा मी गळतीच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो. तो ओलावा बहुतेक कुणीतरी डबी भरताना सांडलेला. दुसऱ्या खेपेला ठरवलं की पाना पिशवीतून काढायच्या आधी सगळं कागदावर मांडायचं. आणि मांडायला सरांकडे वही होती. निवृत्त गणित-शिक्षकाने गाडीच्या खर्चाची वही ठेवलेली असणार यात नवल काही नाही, पण त्या वहीत प्रत्येक वेळची तारीख, काय बदललं, किती पैसे आणि डबीत पुन्हा ऑइल घालायची वेळ कधी आली, हे सगळं होतं. तेव्हा मी ती नुसती चाळली. नीट वाचायला आणखी काही दिवस लागले, ते पुढे येईलच.

आधी ओळख, मग पत्ता

गाडीखाली आणि गाडीत मिळून तीन ठिकाणी ओल होती. बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या धातूच्या कवचाच्या, खालून थेंब. इंजिनच्या चेंबरच्या मागच्या कडेला काळं ओघळ. आणि ड्रायव्हरच्या पायाखाली गालिचा ओला, वर पेडलच्या पेटीचा रंग पापुद्रे येऊन सुटलेला. सरांचं ठाम मत होतं की मास्टर गेलाय, कारण पाय ओला होतो. ब्रेक ऑइल रंग खातं हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि ते खरंही आहे.

पण ओल कुठे आहे यापेक्षा ओल कशाची आहे हा प्रश्न आधी. त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. काकूंकडून पाण्याने भरलेल्या तीन स्टीलच्या वाट्या मागितल्या, आणि तीन काड्यांवर तीन ठिकाणचे थेंब घेतले.

इंजिनच्या मागच्या ओघळाचा थेंब पाण्यावर तरंगला, सप्तरंगी कड धरून पसरला. म्हणजे इंजिन ऑइल. या इंजिनला मागच्या बाजूला रबरी सील नसतं, क्रँकशाफ्टवर कोरलेल्या आट्यांनी ऑइल परत आत ओढायची योजना असते. गाडी उभी राहिली की तिथून थोडं पाझरणारच. गिअर ऑइल असतं तर तेही तरंगलं असतं, पण त्याला गंधकाचा उग्र वास येतो, नाक जवळ नेलं की कळतं.

बेलहाउसिंगखालचा थेंब पाण्यात पडला आणि विरघळून गेला. तवंग नाही, काही नाही. तेल पाण्यात विरघळत नाही. विरघळलं ते ब्रेक फ्लुइड, ग्लायकॉलच्या जातीचं रसायन.

तिसरी वाटी गालिच्याची. तो थेंबही विरघळला, आणि सरांनी माझ्याकडे 'बघितलंस?' अशा नजरेने पाहिलं. पण पाणीसुद्धा पाण्यात विरघळतंच की. म्हणून गालिचा वर्तमानपत्रावर पिळला आणि तो कागद उन्हात ठेवला. दुपारपर्यंत खडखडीत वाळला. ब्रेक फ्लुइड असं वाळत नाही, कागदावर चिकट, गुळगुळीत डाग राहतो. गालिच्यातलं होतं ते पावसाचं पाणी, काचेच्या जुन्या रबरातून आणि पत्र्यातल्या वायरींच्या भोकांतून आलेलं. पेडलच्या पेटीचे पापुद्रे मात्र ब्रेक फ्लुइडचेच होते, पण जुने. त्यांच्यावर धुळीचा सुका थर होता. कधीकाळी मास्टर गळला होता, त्याचं किट बदललं गेलं, खुणा उरल्या. मास्टरवरचा आळ या दोन वेगळ्या गोष्टींच्या बेरजेतून आला होता.

एवढ्यावर मास्टर सुटला असं मी धरलं नाही, कारण मास्टर दोन प्रकारे बिघडतो. मागच्या सीलमधून गळला तर द्रव बाहेर येतो, पेडलच्या दांड्यावरून पायाशी उतरतो. पण आतल्या सीलने दगा दिला तर द्रव आतल्या आत परत डबीकडे फिरतो. पेडल बसतं, क्लच सुटत नाही, आणि लेव्हल मात्र तशीच. हा फरक बरेच मेकॅनिक पाहतच नाहीत. आपल्या गाडीत लेव्हल उतरत होती, म्हणजे कुठून तरी द्रव बाहेर जात होता एवढं नक्की. त्यासोबत आतली गळतीही असू शकते, ते वेगळं तपासायचं.

खडूची पूड

सगळा भाग आधी पाण्याने धुतला. ब्रेक फ्लुइड पाण्यात जातं, तेव्हा ते धुवायला पाण्यासारखं दुसरं स्वस्त काही नाही. मग पुसून, पंखा लावून कोरडं केलं. इंजिन ऑइलचे ओघळ वेगळ्या फडक्याने काढले. नंतर सरांच्या कपाटातून खडूंचा डबा निघाला, निवृत्तीनंतरही ठेवलेला. चार खडू कुटून बारीक पूड केली आणि नट, पाइप, रबरी नळीची दोन्ही टोकं, मास्टरचं बूड आणि स्लेव्हच्या बुटाभोवती, म्हणजे तोंडावरच्या रबरी टोपीभोवती, ब्रशने फासली. पांढऱ्या पुडीवर ओलीची रेघ लपत नाही.

डबीतली लेव्हल कंपासपेटीतल्या सहा इंची स्टीलच्या पट्टीने मोजली. मी त्या रात्री निपाणीतच राहिलो. सकाळी लेव्हल तंतोतंत तेवढीच, पूड कोरडी, खाली थेंब नाही. म्हणजे उभ्या गाडीत गळत नाही.

मग सर सीटवर बसले. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना विटा. पेडल शंभर वेळा दाबायचं, सावकाश. सर मोठ्याने मोजत होते, मी गाडीखाली टॉर्च धरून पडलो होतो. चाळिसाच्या आसपास स्लेव्हच्या रबरी बुटाच्या खालच्या कडेला पूड करडी झाली. सत्तरीला थेंब धरला. शंभर झाल्यावर पट्टीने मोजलं तर लेव्हल चार मिलिमीटर खाली. बाकी सगळीकडे पूड पांढरीशुभ्र, मी पाव फेरा आवळलेल्या नटासकट.

बुटाची कड टोकाने उचलली तर आतून चमचाभर काळा द्रव सांडला. हा बूट धूळ आत जाऊ नये म्हणून असतो, पण तो गळती झाकूनही ठेवतो. पिस्टनमागे पाझरलेला द्रव त्यात साठतो आणि भरला की एकदम सांडतो. म्हणून सरांना कधी चार दिवस काहीच दिसायचं नाही आणि पाचव्या दिवशी फरशीवर तळं.

राहिला मास्टर. त्याच्या तोंडाचा पाइप काढून तिथे घट्ट बूच लावायचं आणि पेडल दाबायचं, म्हणजे स्लेव्ह आणि नळी हिशोबातून बाहेर. काही जण रबरी नळी चिमट्याने आवळून हीच परीक्षा करतात. नवीन नळीला चालेल, पन्नास-साठ वर्षांच्या गाडीवरच्या नळीला मी तसा चिमटा लावणार नाही, आतून फाटली तर कळायचंही नाही. बुचासाठी अडचण अशी की आटे इंची, आणि निपाणीत त्या दिवशी इंची आट्याचं बूच मिळेना. ते बेळगावात पितळेचं करून घेतलं, त्यात एक आठवडा गेला. पुढच्या रविवारी लावलं, मास्टरमधली हवा काढली, पेडल दाबलं. दगड. पाच मिनिटं पाय दाबून धरला, पेडल सुताइतकंही बसलं नाही.

मास्टर निर्दोष. गळती फक्त स्लेव्हची. आणि त्या स्लेव्हचा वॉशर जेमतेम पाच आठवड्यांपूर्वी बदललेला.

नवा वॉशर का गळतो

हेराल्डमध्ये स्लेव्हपर्यंत नीट हात पोचवायचा तर गाडीच्या आतून, मधल्या गिअरबॉक्सवरचं पुठ्ठ्याचं कवच काढून जावं लागतं. सीट काढल्या, गालिचा काढला. काकूंनी खाली अंथरायला वखारीतलं जुनं गोणपाट दिलं. त्याला अजून तंबाखूचा वास होता, तासाभरात डोकं भणभणलं.

सिलिंडर हातात आला, पण पिस्टन येईना. ठोकून, हवा मारून शेवटी आला, तेव्हा कारण कळलं. रबराचा कप फुगला होता. बोटाने चोळला की काळा रंग हाताला लागत होता, आणि ज्या पातळ धारेने त्याने बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटून राहायचं ती धार मऊ पडून गोल झाली होती. पाच आठवड्यांत ही अवस्था.

इथे माझा अनुभव आडवा आला. मी तो कप पाहिला, मापला, आणि मनात म्हटलं, 'रबर हलक्या प्रतीचं.' सोळा वर्षं मी प्रेस आणि लिफ्टच्या सिलिंडरांत काळे नायट्राइलचे, म्हणजे एका कृत्रिम रबराचे, सील भरले. माझ्या डोक्यात काळं सील म्हणजे नायट्राइल, आणि नायट्राइल म्हणजे चांगलं. मी चांगल्या प्रतीचं नायट्राइल आणायला निघालोच होतो.

थांबवलं ते वहीने. त्या दुपारी सिलिंडर गोणपाटावर ठेवून मी पहिल्यांदा ती नीट वाचली. स्लेव्हच्या चार वॉशरांचा हिशोब असा होता. पहिला कोल्हापूरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातला, ब्रेकच्या किटमधून जमवलेला, साडेसात महिने टिकला. दुसरा सात आठवडे, तिसरा सहा, चौथा पाच. आणि दुसऱ्यापासून पुढे प्रत्येक नोंदीपुढे सरांच्या टपोऱ्या अक्षरात: 'वॉशर, उद्यमबाग, बेळगाव.'

आमचंच उद्यमबाग. मेकॅनिकला हेराल्डचं किट मिळालं नाही, म्हणून तो जुना कप घेऊन हायड्रॉलिक सीलच्या दुकानात गेला. दुकानदाराने विचारलं असणार, कशात चालतं? हा म्हणाला असणार, ऑइलमध्ये. ब्रेक ऑइल, असं पूर्ण म्हटलं असतं तरी ऐकणाऱ्याने शेवटचाच शब्द धरला असता. ऑइलसाठी नायट्राइल, हे उत्तर त्या दुकानाच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर. माप बरोबर, किंमत वाजवी, रबर चुकीचं.

ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो त्यात खनिज तेलाचा थेंबही नसतो. खनिज तेलात टिकणारं नायट्राइल ग्लायकॉलच्या फ्लुइडमध्ये फुगतं, मऊ पडतं. ब्रेक फ्लुइडमध्ये टिकतं ते ईपीडीएम हे दुसरं कृत्रिम रबर, आणि जुन्या काळात नैसर्गिक रबर. ही दोन्ही उलट खनिज तेलात टिकत नाहीत. जुन्या सिट्रोएनसारख्या काही गाड्यांत हिरवं खनिज तेल असतं, तिथे हा सगळा नियम उलटा. हायड्रॉलिक एवढाच शब्द ऐकून रबर निवडता येत नाही. द्रव कोणता, ते आधी.

'ऑइल' हा शब्द आपल्याकडे उगाच आला नाही, असं मला वाटतं. सुरुवातीच्या काळातल्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण असायचं, म्हणजे तेव्हा ते निम्मं तरी तेल होतं. द्रव बदलला, नाव तेच राहिलं. सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणून आमचे वडील डबीत एरंडेल घालायचे वाटतं!" घालतही असतील. नैसर्गिक रबराला एरंडेलाने फारसं बिघडत नाही, आत्ताच्या फ्लुइडमध्ये मात्र ते मिसळू नये.

सर ऐकून घेतात पण सिद्धतेशिवाय सोडत नाहीत. म्हणून त्याच दुकानातून तसेच दोन कप आणले, आणि ब्रेकच्या किटमधले त्याच मापाचे दोन. काकूंनी लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या दिल्या, एकीत डॉट ४ दर्जाचं ब्रेक फ्लुइड, दुसरीत इंजिन ऑइल. प्रत्येकीत दोन्ही जातींचा एकेक कप, दोऱ्याला खूणगाठ. बरण्या गच्चीवर उन्हात आठ दिवस. नवव्या दिवशी सरांनी व्हर्निअरने मापून फोनवर आकडे सांगितले. फ्लुइडमधला नायट्राइलचा कप जवळपास एक मिलिमीटरने वाढला होता आणि नखाने दबत होता, शेजारचा ब्रेकचा कप होता तसाच. इंजिन ऑइलच्या बरणीत नेमकं उलटं, आणि जास्त भयानक. नायट्राइल जसंच्या तसं, ब्रेकचा कप फुगून भजं झालेला.

दुसऱ्या बरणीने मला स्वतःला एक गोष्ट पुन्हा दाखवली. आपल्याकडे मेकॅनिक मास्टर-स्लेव्हचे भाग रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलमध्ये धुतात आणि नवा कप बसवताना बोटभर ग्रीस लावतात. नवा कप त्याच दिवशी मरायला लागतो. धुवायचं ते स्पिरिटने किंवा ताज्या ब्रेक फ्लुइडने, आणि बसवायचं तेही फ्लुइड लावूनच.

पण साडेसात महिने का?

वहीतला पहिला आकडा मला टोचत होता. तो कप योग्य रबराचा होता, तरी साडेसात महिन्यांतच गळला. नीट बसवलेला कप वर्षानुवर्षं चालायला हवा. म्हणजे नायट्राइल हे एकमेव कारण नव्हतं, त्याने फक्त घाई केली.

सिलिंडर उन्हात धरून आत पाहिलं. बोअरच्या तळाच्या बाजूला, जिथे पिस्टन सगळ्यात जास्त वेळ उभा असतो, तिथे टाचणीच्या डोक्याएवढे काळपट खड्डे होते. आणि कुणीतरी एमरी पेपर बोटाला गुंडाळून आत लांबीच्या दिशेने घासला होता, त्या रेघा म्हणजे द्रवाला बाहेर जायच्या आयत्या पायवाटा.

खड्डे पाण्याचे. ब्रेक फ्लुइड हवेतली आर्द्रता ओढून घेतं, डबीच्या झाकणाला हवा जायला छिद्र असतंच. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस लागतो, आणि ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो, असा तो दर्जा ठरलेला आहे. ब्रेकमध्ये हा आकडा जिवावर बेतू शकतो. क्लच तेवढा तापत नाही, म्हणून क्लचचं फ्लुइड कुणी बदलतच नाही, आणि तेच पाणी गुपचूप बोअर खात बसतं. ही गाडी पावसाळ्यात फारशी जागची हलत नाही. वहीत वॉशर चार वेळा बदलल्याचं होतं, सगळं फ्लुइड काढून नवीन भरल्याची नोंद एकही नव्हती.

क्लच प्लेट बदलल्याबद्दल मला फार लिहायचं नाही. गिअर करकरतो म्हणून प्लेट बदलली. क्लच घसरत असेल तर प्लेट पाहावी, सुटत नसेल तर आधी डबी उघडून बघावी.

उद्यमबागेतच उत्तर

नवीन स्लेव्ह मागवता आला असता, पण जुन्याच सिलिंडरच्या बोअरमध्ये स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, घालून घ्यायचं ठरवलं. त्यासाठी आमच्या गावासारखं गाव नाही. जिथे पंप आणि व्हॉल्व्ह बनतात तिथे नीट बोअर करणारा टर्नर सायकलच्या अंतरावर मिळतो.

माझ्या ओळखीचे टर्नर कानडी, वयाने मोठे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांना सांगितलं, एण्णी सोरतैती, तेल गळतंय. सिलिंडर हातात देताना पुढे म्हटलं, पण अण्णा, आतलं तेल नव्हे हं, स्लीव्हला सील नायट्राइलचं धरू नका. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एण्णी सोरतैती अंदी, ईग एण्णी अल्ल अंती?" तेल गळतंय म्हणालास, आता तेल नाही म्हणतोस? मी बरण्यांची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत, आपल्या रॅकवरच्या सीलच्या डब्याकडे बघत राहिले. त्यांच्याकडेही ब्रेकचे सिलिंडर येतात.

काम त्यांनी देखणं केलं. जुना बोअर मोठा करून पितळेची स्लीव्ह दाबून बसवली, मग आतून मूळ मापाला आणून होन करून गुळगुळीत केली. लक्ष ठेवायच्या जागा दोन. द्रव आत येण्याचं आणि हवा काढण्याच्या निप्पलचं छिद्र स्लीव्हमधून पुन्हा पाडावं लागतं, आणि त्या छिद्रांची आतली धार मोडावी लागते. तोंडाशी उतार द्यावा लागतो, नाहीतर कप आत सरकवतानाच त्याची कड कापली जाते. कप कोल्हापूरचा, ब्रेकच्या किटमधला, जोडी घेतली, एक राखीव.

मधेच खंडेनवमी आली. सरांकडे त्या दिवशी गाडीची पूजा चुकत नाही. स्लेव्ह बेळगावात, गाडी निपाणीत. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली आणि शेजारच्या पोरांनी ढकलून गाडी लिंबांवरून नेली. सरांनी वहीत त्याचीही नोंद केली, खर्च लिंबं चार.

जोडणीच्या आधी सगळी लाइन धुतली. डबीतलं फ्लुइड कढलेल्या चहासारखं झालं होतं, त्यात विरघळलेलं नायट्राइल. स्पिरिट घालून पाइप स्वच्छ केला, रबरी नळी आतून कितपत फुगली आहे ते कळायला मार्ग नव्हता म्हणून ती नवीनच घातली. फ्लुइड सीलबंद डब्यातलं डॉट ४. सरांच्या कपाटात अर्धा भरलेला जुना डबा होता, तो वापरू दिला नाही. झाकण उघडून दोन पावसाळे झालेलं फ्लुइड आणि खड्डे पाडणारं पाणी यात फार अंतर नसतं.

हवा काढताना पुन्हा तास गेला. सर पेडलवर, मी खाली, निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं टोक फ्लुइडच्या बाटलीत बुडवलेलं. दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. बुडबुडे थांबले तरी पेडल स्पंजासारखं. सिलिंडर जागेवर असताना निप्पल सगळ्यात वर येत नव्हतं, त्याच्याही वर हवेचा कप्पा अडकत होता. सिलिंडर सोडवून हातात घेतला, पिस्टन पूर्ण आत दाबून बांधला, निप्पल आभाळाकडे धरलं आणि पुन्हा हवा काढली. एक मोठा बुडबुडा आला आणि पेडल भरलं.

पुन्हा खडूची पूड, पुन्हा शंभर. पूड पांढरी. पट्टीवर लेव्हल जिथल्या तिथे.

खर्च स्लीव्ह, कप, नळी, बूच, फ्लुइड मिळून २,३५० रुपये, माझी मजुरी सरांनी जबरदस्तीने दिली ती वेगळी. वहीतली आधीच्या दोन वर्षांची बेरीज १३,८०० होती, त्यात प्लेटचा वाटा मोठा. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला, तवंदी घाटात उसाच्या ट्रॅक्टरांमागे हाफ क्लचवर तासाभराची रांग लागली, त्या रांगेतूनही गाडी नीट आली. लेव्हल दीड महिना हललेली नाही. दर पावसाळ्यानंतर फ्लुइड पूर्ण बदलायचं, हे सरांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

इंजिनच्या मागच्या आट्यांतून पाझरणारं ऑइल मी तसंच सोडलं. त्यासाठी इंजिन उतरवायचं म्हणजे मूळ दुखण्यापेक्षा उपचार मोठा. खाली पत्र्याचा ट्रे ठेवायला सांगितलं.

मागच्या आठवड्यात सकाळी सहाला सरांचा फोन. माझ्या पोटात गोळा आला.

"गाडीखाली पुन्हा थेंब आहे रे. थांब, फोन ठेवू नकोस."

पलीकडे स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज, नळाचं पाणी, काकू काहीतरी वैतागून बोलल्या. मग बराच वेळ काहीच नाही.

"तरंगतंय," सर म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.